आतून लागणारी चेन

शिंगणापूर, ९ ऑक्टोबर

चि. रेश्मा हिस,
आबांचा आशीर्वाद.

तुझ्या नावाआधी 'सौ.' लिहायची आठ वर्षांची सवय. आत्ताही पेन तिकडेच वळलं, म्हणून वर शाईचा डाग दिसेल. त्याकडे लक्ष देऊ नकोस.

तू फोन उचलत नाहीस याचा मला राग नाही. फोनवर माझा आवाज चढतो हे तूच एकदा म्हणाली होतीस. कागदावर चढला तर खोडता तरी येतो. तर कामाचंच लिहितो. ओंकारच्या जीपला गिऱ्हाईक आलं आहे. राहुरीकडचा माणूस आहे. त्याला टपावरच्या तंबूसकट गाडी पाहिजे, पण आधी तंबू उघडून दाखवा म्हणतो. आता आली का पंचाईत. काल मी खोळ काढली, शिडी धरून ओढली, तर सगळं धूड अर्ध्यावर येऊन अडकलं. ना उघडं ना मिटलेलं. तुझ्या सासूबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी एकदा वर पाहिलं आणि पुन्हा सुपात मान घातली. तू गेल्यापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. ताट वाढून झालं की तांब्या जरा जोरात आपटतात, तेवढ्यावरून मी जेवायला उठतो.

ओंकार तो तंबू दोन मिनिटांत उभा करायचा. पर्यटकांना भंडारदऱ्याला घेऊन जायचा तेव्हा चार-पाच वेळा तूही बरोबर होतीस. तेव्हा तो नीट कसा उघडायचा, आत झोपायची सोय कशी करायची, हे सगळं तू लिहून कळव. गिऱ्हाईक खोळंबलं आहे.

तंबूच्या चेनीबद्दल मी काही लिहिणार नाही. झालं ते झालं. घर सोडून जाण्याएवढं ते मोठं नव्हतं, असं माझं आजही मत आहे.

आपल्या छोट्या धनूची एक चप्पल शिडीच्या खाचेत सापडली. डाव्या पायाची. धुऊन ठेवली आहे.

आबा


शिंगणापूर, २४ ऑक्टोबर

चि. रेश्मा,

तुझं पत्र लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मिळालं. पत्र म्हणजे धनूच्या वहीचं फाडलेलं पान, वर नाव नाही, खाली सही नाही. पण लिहिलं आहेस स्वच्छ. शिडी आधी पूर्ण लांब करायची आणि मग तिच्यावर भार देऊन ओढायचं, हे मला कुणी सांगितलं होतं? मी आखूड शिडीवर लोंबकळत होतो. पासष्टीच्या माणसाला टपाशी झोंबताना बघून आपल्या गल्लीतल्या बायकांची करमणूक झाली. काल मात्र शिडी लांब केली, ओढली, आणि सगळ्या कमानी आपोआप उभ्या राहिल्या. मी 'अरे वा' म्हणालो. ऐकायला कुणी नव्हतं.

तू लिहिलं आहेस, गाडी सपाट जागी लावा, आणि उतार असलाच तर डोकं चढाकडे करा. मी ते नीट वाचलं नाही. उत्तरेला डोकं करून झोपू नये म्हणून मी पूर्वेला केलं, आणि आपल्या अंगणाचा उतार पूर्वेलाच, मोरीकडे. सकाळी डोकं एवढं जड झालं की कुणी त्यात रेती भरली आहे असं वाटलं. आज मागच्या दोन्ही चाकांखाली चपटे दगड घातले आणि गाडी त्यांच्यावर चढवली. तांब्यात पाणी भरून आत ठेवून बघितलं, आता पाणी एका बाजूला कलत नाही. गादीखाली काथ्याची चटई घातली. उन्हात चार तास गाद्या पालथ्या केल्या. तू सांगितलंस ते सगळं केलं.

झोपलो होतो ते फक्त सोय तपासायला. उद्या गिऱ्हाइकाने विचारलं तर सांगता यायला हवं.

तुझी शेवटची ओळ वाचली. 'गिऱ्हाइकाला सांगा की चेन चालत नाही.' सांगीन.

सासूबाईंनी अनारसे केले होते. डबा भरून माझ्यासमोर ठेवला आणि वर कोपरगावच्या गाडीचं वेळापत्रक ठेवलं. मी गेलो नाही. तुझ्या भावाच्या दारात उभं राहून काय बोलायचं ते मला सुचलं नाही. डबा पार्सलने पाठवला आहे. पोचला का?

आबा


शिंगणापूर, १२ नोव्हेंबर

चि. रेश्मा,

डबा पोचल्याचं धनूनं लिहिलं, तिचं पत्र मिळालं. 'आबा, तंबू विकू नका' असं मोठ्या अक्षरात. 'तंबू'तला अनुस्वार विसरली आहे.

तेव्हा आता खरं सांगतो. राहुरीचं गिऱ्हाईक वगैरे काही नाही. गाडी मी विकणार नव्हतो. तुला पत्र लिहायला काहीतरी निमित्त हवं होतं आणि मला दुसरं काही सुचलं नाही. एक खोटं बोललं की त्याला दुसऱ्याचा टेकू लागतो, म्हणून मागच्या पत्रातलं ते 'सोय तपासायला'सुद्धा खोटं आहे. मी रोज तिथे झोपतो.

एवढं कबूल केलं तर चेनीचंही करतो.

एप्रिलमध्ये दगडाबाई दुकानात आल्या होत्या. मी रुईच्या माळा ओवत होतो. म्हणाल्या, "सहादेवा, तुझी सून दुपारची गाडीवर चढती अन् आतून चेन लावून बसती म्हनं. शिंगनापुरात ऱ्हाऊन. बघ बाबा." एवढंच बोलल्या आणि तेलाची बाटली घेऊन गेल्या.

आपल्या घराला माझ्या आजोबांपासून दार नाही. चौकट आहे, पडदा आहे, कुत्रं शिरू नये म्हणून आडवी फळी आहे. कडी-कुलूप कधी पाहिलं नाही. देव राखण करतो, आपण बंद करायचं नाही, एवढंच मला शिकवलं आणि मी जन्मभर तेच केलं. ओंकार गेला तेव्हा सगळे म्हणाले, उसाच्या ट्रॉलीला मागे लाल दिवा नव्हता, संध्याकाळची वेळ, मोटारसायकल जाऊन आदळली. ते मलाही कळत होतं. पण बाप म्हणून मनात एकच घोळत होतं, आपलं कुठे चुकलं? दगडाबाईंनी त्याचं उत्तर आणून हातात दिलं. आपल्या अंगणात एक जागा आहे जी बंद होते. ती ओंकारने केली, आणि ओंकार गेला. आता तीच जागा तू बंद करून बसतेस, आणि धनू तुझ्या कुशीत असते.

मला भीती वाटली, रेश्मा. पोरीचं काही होईल म्हणून मी घाबरलो. गावाला मी सांगितलं की रीत म्हणजे रीत. तुलाही तेच सांगितलं. भीतीचं कुणाला सांगितलं नाही.

मी पक्कड घेऊन शिडीवर चढलो तेव्हा तू आत होतीस. मी म्हणालो, "उघड." तू म्हणालीस, "आबा, थोडा वेळ." मी थांबलो नाही. बाहेरून चेन ओढली. तू तोंडावर पदर धरून बसली होतीस आणि धनू तुझ्या मांडीवर झोपली होती. तुझ्यासमोर मी चेनीचा रनर पकडीने पिरगाळून काढला आणि खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा भाऊ वाल्मिक गाडी घेऊन आला.

तो रनर अजून माझ्याकडे आहे. दुकानात काळ्या दोऱ्यांच्या डब्यात पडलेला असतो. दोरा काढताना बोटाला लागतो.

हे सगळं तुला माहीतच आहे. तरी मी लिहिलं, कारण आजवर मी ते कुणासमोर म्हटलेलं नाही.

आबा


शिंगणापूर, ३ डिसेंबर

चि. रेश्मा,

उत्तर आलं नाही. येणार नाही हे धरूनच होतो. तरी पोस्टमन दिसला की दुकानातून उठतो, मग उगाच झाडू मारतो.

परवा थंडी फार पडली. तंबूचं तोंड तसंच उघडं, वारा थेट आत. खिडक्या चार बोटं उघड्या ठेवा असं तू लिहिलं होतंस, पण मी सगळ्या लावल्या. दोरीवरचे कपड्याचे चिमटे घेतले, पंधरा होते, आणि दाराचं कापड वरपासून खालपर्यंत आतून चिमटे लावून बंद केलं. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःला कुठेतरी बंद करून घेतलं. कानाला गार लागत होतं म्हणून बाजूच्या खिशात काही आहे का ते चाचपलं. ओंकारची कानटोपी हाताला लागली. तपकिरी, तूच विणलेली. मी घातली.

तुला आठवत असेल, तो गेला तेव्हा मी रडलो नव्हतो. लोक म्हणाले, सहादेव धीराचा. धीर कसला. तेरा दिवस घरातला माणूस हटला नाही. चौकटीतून कुणीही यावं, पडदा सारावा, शेजारी बसावं. शनिवारी भाविक पाणी मागायला यायचे आणि आम्ही त्यांना तांब्या भरून द्यायचो. रडायचं कधी आणि कुठे? मग पुढे वेळ गेली ती गेली, असं मी समजलो होतो.

परवा त्या चिमट्यांच्या आत मी रडलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. मोठ्याने रडलो. साठ वर्षांपूर्वी रडलो असेन तसा. तेव्हा कुणी पडदा सारला असता, कुणी नुसतं 'सहादेवा' म्हटलं असतं, तर मला वाटतं मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो. आणि तू फक्त 'थोडा वेळ' म्हणाली होतीस.

सकाळी बघतो तर आतलं सगळं कापड ओलं. छतावरून थेंब गळत होते, उशी भिजलेली. मला वाटलं दव आत आलं. मग तुझं पान पुन्हा वाचलं. तू लिहिलं आहेस, 'दोन माणसांच्या श्वासाचं पाणी कापडावर जमतं, म्हणून खिडकी उघडी ठेवायची.' एका माणसाच्या श्वासाचं एवढं पाणी होतं हे मला माहीत नव्हतं.

चिमटे काढून खाली बघितलं तर सासूबाई शिडीपाशी उभ्या होत्या. हातात कोरडा पंचा. सात महिन्यांनी त्या माझ्याशी बोलल्या. म्हणाल्या, "झालं का रडून?"

मी म्हणालो, "तुला ऐकू गेलं?"

"शेजाऱ्याला गेलं, मला न्हाई जायचं व्हय?" पंचा माझ्या हातात दिला. "लेक माझाबी हुता. ती वर जाऊन रडायची तवा मी खाली धीर धरून बसायचे. पोर मोकळी हुतीया, तोवर आपन चूल बघू म्हनायचे. तुमी तिची चेन काढली अन् माझ्या जीवाचा टेकू काढला."

मी म्हणालो, "गावाची रीत..."

"कुत्र्यासाठी फळी लावतोच की आपन. देव काय बोलला का आजवर? त्याला कळतंय कुनाला कशासाठी अडवलंय. तुमालाच कळंना." मग म्हणाल्या, "वलं कापड मिटू नगा. कुबट वास मारंल. रेश्मा आल्यावर काय म्हनंल."

'आल्यावर' म्हणाल्या. मी दिवसभर तंबू उन्हात उघडा ठेवला.

आबा


शिंगणापूर, १९ डिसेंबर

चि. रेश्मा,

ओंकारचं वर्षश्राद्ध पौषात येतं. भटजींनी दोन जानेवारी सांगितली आहे. तू आणि धनू यावं, अशी माझी विनंती आहे. मी सासरा म्हणून सांगत नाही, विनंतीच करतो आहे. येणार नसशील तर तसं कळव, मी पुन्हा विचारणार नाही. पण येणार असशील तर तुला उतरायला जागा कुठे, हा तुझा पहिला प्रश्न असेल. घर भरलेलं असणार, घराला दार नसणार. म्हणून आधी त्या जागेचं लिहितो.

परवा जीप घेऊन शेवगावला गेलो. ज्यांनी तंबू शिवला त्या गनीभाईंकडे. तुला आठवत असतील, ट्रकच्या ताडपत्र्या शिवतात, चष्मा कपाळावर असतो. त्यांनी चेनीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "काका, ही चेन तुटलेली न्हाई. हिचा रनर गायब हाय."

मी म्हणालो, "उंदरानं नेला असंल."

"उंदराकडं पक्कड हुती व्हय? दातं बघा, कशी पिरगाळलीत."

मग मी सांगितलं. सगळं. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांनीही ऐकलं. चहा आला होता, तो निवला. गनीभाईंनी आत हाक मारून बायकोला, मुबारकबींना, दुसरा चहा टाकायला सांगितला आणि मला म्हणाले, "ओंकार चेन लावायला आला तवा काय म्हनला ठावं हाय का? म्हनला, गनीचाचा, रनर दोन्ही अंगानं उघडनारा टाका. माझी बायको आत आसंल अन् मी बाहेर, तर तिला उठाय लागू नये." त्यांनी नवा रनर काढला. "तसाच टाकू ना?"

मी म्हणालो, नको. फक्त आतून उघडेल असा टाका. बाहेरची मूठ काढूनच टाका.

ते म्हणाले, "मंग बाहेरच्याला हाक मारावी लागंल."

मी म्हणालो, तेच पाहिजे.

मशीनवर बसले ते तासाभराने उठले. चेन सगळी नवी घातली, जुन्या चेनीचे दात गेले होते म्हणे. खिडक्यांच्या जाळ्याही बदलल्या. निघताना म्हणाले, "पोरगी आली तर सांगा, चाचानं शिवन दुहेरी मारलीय."

कारखान्याच्या शाळेत तुला नोकरी लागल्याचं वाल्मिकने कळवलं. चांगलं झालं. मला आधी वाटलं होतं की तू परत इथेच राहायला यावंस, हे या पत्रात लिहावं. दोनदा लिहिलं आणि खोडलं. तेव्हा खोडलेलं वाचायचा प्रयत्न करू नकोस.

आबा


१ जानेवारी, दुपारी तीन

रेश्मा,

हा कागद पोस्टात टाकलेला नाही. उशीखाली ठेवतो आहे. तू संध्याकाळच्या गाडीने येते आहेस. तुझं पत्र अडीच ओळींचं होतं. 'येते. एक रात्र. तीन तारखेला शाळा आहे, दोनला दुपारीच निघेन.' मी ते पाच वेळा वाचलं, आणि सासूबाईंनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

आल्यावर मी तुझ्याशी फार बोलणार नाही. घरात पाहुणे असतील, आणि माझी जीभ कधी सरळ चालेल याचा मलाच भरवसा नाही. जे सांगायचं ते इथे लिहून ठेवतो.

गाडीच्या मागच्या चाकांखाली दगड आहेत. तांब्या ठेवून तपासलं आहे, पाणी हलत नाही. डोकं कुठेही कर. गादी काल आणि आज उन्हात होती. पायथ्याशी दोन गोधड्या आहेत, एक धनूची लहानपणची. खिडक्या मी चार बोटं उघड्या ठेवल्या आहेत, जाळी लावलेली आहे. कानटोपी बाजूच्या खिशात आहे, धुतलेली नाही. धुवावी का ते मला कळलं नाही. चप्पल शिडीखालच्या पिशवीत. धनूचा पाय आता मोठा झाला असेल, तरी ठेवली.

गादीच्या कोपऱ्यात गाडीची किल्ली आहे. गाडीचे कागदही तिथेच आहेत. नाव बदलून घ्यायचे फॉर्म मी सही करून ठेवले आहेत. तुला चालवता येते, ओंकारनेच शिकवली. उद्या दुपारी एसटीने जाऊ नकोस, ही घेऊन जा. कोपरगावात वाल्मिकच्या अंगणात उभी कर, नाहीतर सुट्टीत धनूला भंडारदऱ्याला ने. पोरीला काजवे दाखवायचे म्हणून त्याने हा सगळा खटाटोप केला होता, ते तिचं राहून गेलं. ही गाडी दिली म्हणजे मी सुटलो, असं मी समजत नाही. मी तुझ्याशी वाईट वागलो. तुझ्या नवऱ्याच्या दुःखात तुला एक कोपरा होता, तोही मी घेतला. त्याची भरपाई नसते, माहीत आहे मला.

आता एवढंच. चेन लाव. बाहेरच्या बाजूला धरायला काही नाही, कुणी कितीही चाचपलं तरी उघडणार नाही. दगडाबाई येऊन गेल्या, मी त्यांना सांगितलं की आमच्या सूनबाईंनी आतून बंद केलं असेल आणि ते मी करून दिलं आहे. हवा तेवढा वेळ घे. जेवणाला उशीर झाला तरी चालेल, पाहुण्यांना वाट बघू दे. तुझ्या सासूबाई आणि मी खाली ओट्यावर असू. आवाज आला तरी वर बघायचं नाही, असं आमचं दोघांचं ठरलं आहे.

चेन हळू ओढ. नवी आहे, मध्ये जरा अडते.

आबा